साहेब मीटिंगला गेले

वहिनीचा फोन आला तेव्हा शाळेत खिचडी वाटून झाली होती आणि मुलं ताटल्या धुवायला नळावर गेली होती. शकूवहिनी एरवी फोनवर आधी माझी, मग ह्यांची, मग गोठ्यातल्या म्हशीची चौकशी करते आणि त्यानंतर कामाचं बोलते. त्या दिवशी ती फक्त “ताई, झालं” म्हणाली आणि फोन तसाच हातात धरून उभी राहिली असावी, कारण मागचे आवाज मला ऐकू येत होते... कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, कुणीतरी दार पूर्ण उघडा म्हणत होतं. काय झालं, असं मी विचारलं नाही. कित्येक महिने आम्ही दोघी याच फोनची वाट बघत होतो, हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. वाटूर फाट्यावर उभी राहून मिळेल त्या गाडीने जालन्याला पोचले. मुरलीभाऊला पुढच्या खोलीत खाली ठेवलं होतं. नाकातली नळी काढली होती. ती जिथे चिकटपट्टीने धरून ठेवलेली असायची, तेवढी नाकावरची आणि गालावरची कातडी फिकट पडली होती. तो पट्टा सोडला तर माझा भाऊच दिसत होता. जिन्याच्या पायरीवर भाऊचे भागीदार हबीबभाई डोक्याला रुमाल बांधून बसले होते. मला बघून उठले आणि परत खाली बसले.

आता त्याला काही आठवडे झाले. भेटायला येणारे येऊन गेले. जाताना चपला घालता घालता जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, की मुरली मोठा गमत्या माणूस होता. होताच. पण त्याच्या गमतीचं शेवटी काय झालं, हे आम्हा घरच्या तीन-चार माणसांनाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

मुरलीधर माझा थोरला भाऊ. जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा आणि हबीबभाईंचा पूलचा हॉल होता. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, कडेने सहा खड्डे, रंगीत गोळे आणि लांब काठी. काठीने पांढऱ्या गोळ्याला मारायचं, त्याने दुसऱ्या गोळ्याला मारायचं आणि तो दुसरा खड्ड्यात जायला हवा... खेळ एवढाच. कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिरासाठी तो तेव्हाच्या औरंगाबादला गेला होता, तिथे एका क्लबात त्याने ते टेबल पहिल्यांदा पाहिलं आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आमचं गाव कुंभार पिंपळगाव. वडिलांची, म्हणजे आण्णांची, चांगली काळीभोर जमीन होती आणि मुरलीभाऊला तिच्यात काडीचा रस नव्हता. काही वर्षं त्याने कापडाच्या दुकानात नोकरी केली. हबीबभाई त्याच दुकानात थान मोजायला होते. दोघांनी मिळून कुठूनतरी दोन जुनी टेबलं मिळवली. टेबलाच्या कापडाखाली फरशीसारखा जाड दगड असतो, तो दोरांनी बांधून खिडकीतून वर चढवला, तेव्हा अर्धी गल्ली खाली उभी होती म्हणे. गावात बातमी पोचली ती अशी, की मुरलीने जालन्यात जुगाराचा अड्डा टाकला.

आण्णा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने निघाले. मुलाला उचलून घरी आणायचं, असं आईला सांगून गेले होते. पुढची हकिगत मी भाऊकडून ऐकली आणि हबीबभाईंकडूनही. दोघांच्या सांगण्यात कोण आधी हसलं एवढाच फरक आहे. आण्णा जिना चढून आले, चप्पल न काढता टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “हे काय मांडून राह्यलास?”

“खेळ हाय, आण्णा.”

“कशाचा खेळ?”

इंग्रजी नावं सांगितली तर संशय आणखी वाढणार, हे भाऊला कळलं. त्याने लाकडी त्रिकोणात सगळे गोळे गच्च बसवले आणि म्हणाला, “हे बघा, हे एकत्र कुटुंब. कुनाला हलायला जागा न्हाई.”

“आन् हे पांढरं एकटंच कोन?”

“हा सरपंच. ह्यानं सगळ्याला ढकलून ढकलून खड्ड्यात घालायचं, आपन मात्र वरच राहायचं. हा खड्ड्यात गेला तर दंड.”

आण्णा दोन वेळा सरपंचकीला उभे राहून पडलेले होते. भाऊने काठी घेतली, वाकला आणि नेम धरून मारलं. गोळे चारी दिशांना पांगले. “झाली वाटनी,” तो म्हणाला. आण्णांच्या भावांमधली वाटणी त्याच साली झाली होती, बांधावरून पोलीस येऊन गेले होते. इथे आण्णा हसले, असं हबीबभाई सांगतात. भाऊ सांगायचा की हबीबभाई आधी हसले आणि मग आण्णांना राहवलं नाही. काही असो, आण्णा खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनीच बोट दाखवून विचारलं, “त्यो लाल गडी तिथं दिसून राह्यला, त्याला का मारीना गेलास?”

“कसं मारू? मधी ह्यो पिवळा उभा हाय ना. लाल म्हंजे साहेब. दिसतो बराबर, पन पुढं शिपाई उभा. साहेब मीटिंगला गेले.”

त्या दिवशी आण्णा संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच बसले. निघताना “दारू ठिवू नको इथं” एवढंच म्हणाले. भाऊने ती गोष्ट शेवटपर्यंत पाळली.

वडिलांची समजूत काढायला सुचलेले ते शब्द मग हॉलची भाषाच होऊन बसले. खेळाच्या नियमांना जगात काय म्हणतात हे जालन्याच्या त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलं तरी कुणी म्हणत नव्हतं. काठीच्या टोकाला निळा खडू घासतात, त्याला मिश्री लावणं म्हणायचे. गोळा खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि पडेना, की ती नवरी, माप ओलांडायला लाजून राह्यलेली. नेम नसताना, चुकून एखादा गोळा पडला तर ते अनुदान. सरळ मारायला वाट नसली आणि टेबलाच्या कडेवर आपटून वळसा घालून मारावं लागलं, तर गोळा वाटूरमार्गे गेला. आमच्या गावाला जालन्याहून नीट रस्ता अंबडवरून जातो. वाटूरवरून जायचं म्हणजे उगाच भलता वळसा. माझं लग्न वाटूरला झालं तेव्हापासून तो मला त्यावरून चिडवायचा, “नंदे, सगळं जग सरळ जातं, तू मात्र वाटूरमार्गे.”

आणि सासरा. गोळा लांब असला, हात पुरेना, की काठी टेकवायला दुसरी एक काठी घेतात, तिच्या टोकाला पितळी फुली असते. आपलं आपल्याला जमेना की माणूस ज्याच्याकडे जातो तो सासरा, असं भाऊचं म्हणणं. वहिनीचे वडील एकदा हॉल बघायला आले होते. खुर्ची टाकून गुपचूप बसले होते. खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी नेहमीच्या सवयीने म्हणालं, “सासरा द्या बरं कोपऱ्यातला,” आणि ते बिचारे आपणहून उठून उभे राहिले. भाऊ स्वतः मात्र ती काठी कधी घेत नसे. उंच होता, एक पाय टेबलाच्या कडेवर टाकून, दुसऱ्याच्या चवड्यावर उभा राहून पार पलीकडे पोचायचा. कुणी काठी पुढे केली की मान हलवून म्हणायचा, “सासरा न्हाई.” दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे.

हे सगळं मला ऐकून माहीत. हॉलवर मी कधी गेले नव्हते, वहिनीही नाही. तिथे बायकांनी येऊ नये असं काही लिहिलेलं नव्हतं, पण जात कुणी नसे. वहिनीला तर ते शब्दही नीट ठाऊक नव्हते. हॉलवरचं बोलणं भाऊ हॉलवरच ठेवायचा. घरी तो तसा कमी बोलायचा.

त्याला झटका आला तो टेबलावरच, सकाळी, गिऱ्हाईक जमायच्या आधी. चार-पाच नेहमीची माणसं होती. तो वाकला, काठी मागे घेतली आणि ती त्याच्या हातातून निसटून घरंगळत गेली. मग तो हळूहळू टेबलावर पालथा पडला, गाल हिरव्या कापडावर टेकून. हबीबभाई म्हणतात, “ताई, पैले हम सब हसले. हमको लगा, मुरली नवीन काही करून राह्यला.” ते हसणं हबीबभाईंच्या मनातून अजून गेलेलं नाही. माझ्याशी बोलताना दर वेळी ते तिथे येऊन थांबतात.

उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं, की त्यांना सगळं कळतं, ऐकू येतं, फक्त शब्द सापडत नाहीत. काही परत येतील, काही येणार नाहीत. कुठले येतील ते सांगता येत नाही. घरी आणल्यावर बरेच दिवस तो नुसता बघत राहायचा. पुण्याहून नितीन, त्याचा मुलगा, सुट्टी काढून आला होता. तो वडिलांच्या तोंडासमोर तोंड नेऊन “पाणी म्हणा, पाणी” असं करायचा आणि भाऊ मान वळवायचा. मग एका सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत असताना तो स्पष्ट म्हणाला, “सरपंच.”

घरात केवढी धावपळ झाली. आण्णांना सांगितलेला टेबलावरचा सरपंच त्या गडबडीत मलाही आठवला नाही. गावाकडची काही आठवण आली असेल, काही सांगायचं असेल म्हणून चुलतभावाने गावच्या सरपंचांना फोन लावला. ते भले गृहस्थ दुपारपर्यंत शहाळी घेऊन हजर झाले. पलंगाजवळ बसून त्यांनी आण्णांच्या आठवणी सांगितल्या, धीर दिला. भाऊ त्यांच्याकडे एकटक बघत होता. त्याचा अर्धा चेहरा हलायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने डावा हात त्यांच्याकडे करून दुसरा शब्द उच्चारला. “खड्ड्यात.” सरपंच गंभीर झाले. म्हणाले, “बराबर हाय भाऊ तुमचं. औंदा रस्ता करूनच घेतो. एकबी खड्डा दिसनार न्हाई.” भाऊ हसत होता की रडत होता, सांगता येत नव्हतं. वहिनी मात्र स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “ताई, हसले. इतक्या दिसांनी हसले.”

संध्याकाळी हबीबभाई आले, त्यांना सगळं सांगितलं. ते भाऊजवळ बसून राहिले, तो पुटपुटत होता ते ऐकत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, “ताई, ये टेबलावरचं बोलून राह्यलेत. बाकी सब गया, ते तेवढं राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तो जिना चढले. हॉल बंद ठेवला होता. हबीबभाईंनी टेबलावरची चादर काढली, दिवा लावला आणि एकेक गोळा मांडून मला शिकवलं. हा सरपंच, ही नवरी, हे असं झालं की साहेब मीटिंगला, इथून असा फिरला की वाटूर. मी मास्तरीण, पण त्या दिवशी दोन-दोनदा विचारत होते आणि ते न कंटाळता परत मांडून दाखवत होते. घरी येऊन मी ते वहिनीला शिकवलं, पोळपाटावर लिंबं आणि कांदे मांडून. तिला पहिल्यांदा जरा राग आला. “एवढी वर्सं तिथं हे बोलत होते व्हय,” म्हणाली. मग कांदा हातात घेऊन परत विचारलं, “ह्यो कोन म्हन्ले?”

आमचं पहिलं यश मला अजून दिसतं. वहिनी विचारत होती, काय हवं, कुठं दुखतं, आणि तो कासावीस होऊन एकच म्हणत होता, “साहेब... साहेब... मीटिंगला.” वहिनी म्हणाली, “आता कोन्ता साहेब आनू?” मला एकदम उमगलं. मी म्हटलं, “वहिनी, शब्द त्याला दिसतोय. बराबर समोर दिसतोय. मधी कुनीतरी उभं हाय.” भाऊने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. त्याच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी, पुस्तकांनी, कुणीही मला इतकं नीट सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “वाटूर.” मग आम्ही वाटूरवरून गेलो. खायचं आहे का? नाही. अंगावर घ्यायचं आहे? नाही. खोलीतलं काही? हो. उजेडाचं? हो... खिडकीचा पडदा सरकवायचा होता, बस. त्यासाठी एवढा वळसा. पण पोचलो होतो.

ते काही महिने बरे गेले. घरात तीच भाषा चालायची. उठवून बसवायचं असलं की तो “मिश्री” म्हणायचा, म्हणजे थांबा, तयारी करू द्या. न सांगता वहिनीने पाठीला उशी दिली की “अनुदान” म्हणायचा आणि तीही त्याला हसून उत्तर द्यायची. मला वाटतं, लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ती दोघं एकमेकांशी एवढं बोलली नसतील. वाचा परत यावी म्हणून शिकवणाऱ्या एका बाईंकडे आम्ही त्याला न्यायचो. त्या टेबलावर वस्तू ठेवून नाव विचारायच्या. एकदा त्यांनी कप ठेवला. भाऊने बघितलं आणि म्हणाला, “नवरी.” बाईंनी प्रेमाने समजावलं, की हा कप आहे, म्हणा कप. मी बघितलं, कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवलेला होता. मी सांगितलं तेव्हा त्याही हसल्या आणि त्यांनी कप आत सरकवला. पण त्या हसण्यानंतर त्या मला हळूच म्हणाल्या, की हे शब्द टिकतील असं धरून चालू नका. त्यांना जे माहीत होतं ते आम्हाला ऐकायचं नव्हतं.

दुसरा झटका आला तो लहान होता म्हणे. बाहेरून काही फरक दिसला नाही. पण शब्द जायला लागले. आधी वाटूर गेलं. मग मिश्री, मग साहेब. शेवटी सगळ्याचं अनुदान झालं. दूध अनुदान, कळ आली की अनुदान, नितीन फोनवर दिसला तरी अनुदान. आपण चुकीचं बोलतोय हे त्याला समजायचं. तो डावी मूठ गादीवर आपटायचा आणि परत तोंडातून तेच यायचं. सुरुवातीला आम्ही ओढून-ताणून हसायचो. मग कुणी हसेनासं झालं. ज्या शब्दावर गल्लीतली माणसं पोट धरून हसली होती, तो कानावर पडला की वहिनी पदराने डोळे टिपायला आत जायची.

हॉलही त्याच सुमारास संपला. एकट्या हबीबभाईंना तो ओढवेना, आणि मालकाला वरचा मजला गोदामासाठी हवा होता. टेबलं घेणारं कुणी मिळालं नाही. टेबलाखालचे दगड खाली उतरवताना एक फुटला, बाकीचे एका धुण्याच्या जागेला लावले, असं ऐकलं. आम्ही भाऊला हे कळू दिलं नाही. हबीबभाई मात्र येऊन बसायचे. एकदा त्यांना ते मौन सोसलं नाही. म्हणाले, “मुरली, टेबलं बरी हैत. कालच कापड झाडलं.” भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला, बघत राहिला आणि म्हणाला, “अनुदान.” हबीबभाई उठून जिन्यात गेले. मी मागे गेले तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. “उनको सब मालूम है, ताई,” म्हणाले. मालूम असेल, नसेलही. एवढंच आता आमच्या हातात उरलं होतं, असेल किंवा नसेल.

मग गिळणं बंद झालं. पाणी दिलं तरी ठसका, छातीत घरघर. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी टाकावी लागेल, नाहीतर अन्न फुप्फुसात जाईल. नितीन आला होता. वहिनी होती, मी होते. डॉक्टरांनी ती पातळ नळी भाऊला दाखवली आणि समजावून सांगितलं. भाऊने नळीकडे बघितलं. कित्येक दिवसांत अनुदान सोडून दुसरं काही न बोललेला तो माणूस मान हलवून स्वच्छ म्हणाला, “सासरा न्हाई.”

वहिनी ताडकन म्हणाली, “ऐकलं ना? नको म्हनून राह्यलेत.”

“काय नको?” नितीनने विचारलं.

“नळी. आपलं आपल्याला जमंना तर आधार घ्यायचा न्हाई, असं म्हनतेत ते. ती काठी कधी घेतली का त्यांनी?”

“मम्मी, हॉलवर पप्पा ते रोजच म्हणायचे. तोंडात बसलेलं वाक्य आहे ते. उद्या तुम्ही अनुदानाचाही अर्थ लावाल.” मग तो माझ्याकडे वळला. “आत्या, तुम्हाला कळतं त्यांचं. तुम्ही सांगा.”

मी भाऊच्या जवळ गेले. कानाशी वाकून विचारलं, “भाऊ, नळी नको म्हणतोस का?”

“सासरा न्हाई.”

“मंग टाकू का नळी? टाकू देऊ?”

“सासरा न्हाई.”

पहिल्या वेळी जसं म्हणाला तसंच दुसऱ्या वेळी. तोच स्वर, तशीच हललेली मान. डोळ्यांत बघितलं, डोळे माझ्याकडेच होते. त्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. कदाचित त्याने आयुष्यातला सगळ्यात स्पष्ट निरोप दिला होता. कदाचित लांबडी वस्तू पुढे केलेली बघून जुनं वाक्य आपसूक निघालं होतं. मी मागे वळून म्हटलं, “मला न्हाई सांगता येत.”

नितीन भिंतीला टेकला. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, “मग मी काय करू? उपाशी मारू का त्यांना?” वहिनीने एकदाच म्हटलं, “त्यांनी सांगितलंय,” आणि मग खाली बघत राहिली. नळी टाकली.

त्यानंतर भाऊ एक शब्द बोलला नाही. नळी टाकल्याने वाचा गेली असं नव्हे. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे गेला. वहिनीला काय वाटतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, मी विचारलं नाही. तो नळी उपसायचा म्हणून डावा हात मऊ फडक्याने पलंगाला बांधून ठेवावा लागे. दुपारी कामं उरकली की वहिनी ते फडकं सोडायची, त्याचा हात चादरीवर ठेवायची आणि जवळ बसायची. बसून विचारायची. “पंखा लावू का?... कूस बदलू का?” विचारलं की थांबायची. हो असेल तर बोट उचला, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. कधी बोट उचललं जायचं. कधी विचारायच्या आधीच हलायचं, कधी हलत राहायचं. तिने प्रत्येक हालचाल हो धरली आणि त्याप्रमाणे केलं. वाटूरहून गेले की मीही बाजूला बसून हे बघायची. त्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं याहून काही नाही. सकाळ व्हायची, नळीतून पातळ पेज जायची, चादर बदलायची, पुन्हा सकाळ व्हायची. बरं होण्याचं नाव कुणी काढत नव्हतं आणि संपण्याचंही.

लोक मला विचारतात, त्याला शेवटी काय म्हणायचं होतं. हबीबभाईंनीही विचारलं. ज्याला ती भाषा माझ्याहून चांगली येते, त्याने मला विचारावं... मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, नळी, मान, दोन्ही वेळचा स्वर. ते म्हणाले, “पता नहीं, ताई.” आता ती भाषा येणारी माणसं आम्ही तिघंच उरलो आहोत, आणि आम्ही ती बोलत नाही. हॉलवर येणारी जुनी मंडळी भेटतात, त्यांना दोन-चार शब्द आठवतात, ते हसून सांगतात. मी ऐकून घेते.

परवाच्या रविवारी जालन्याला गेले होते. नितीन पुण्याला परत गेला आहे. वहिनीला बरोबर चल म्हणाला, ती गेली नाही. भाड्याचा पलंग परत केला आहे, त्या जागी सतरंजी टाकली आहे. मी भिंतीला टेकून बसले, पाय पसरले, हात मांडीवर ठेवले. वहिनी समोर उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, चहा ठिवू का?”

“ठेवा की,” मी म्हटलं.

ती गेली नाही. तशीच उभी राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. जरा मोठ्याने म्हटलं, “हो वहिनी, ठेवा. मीही येते आत.” तरी ती जागची हलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली माझ्या डाव्या हातावर होती आणि ती शांतपणे थांबली होती, घाई नसलेल्या माणसासारखी.

मी बोट उचललं. वहिनी आत गेली.